अग्निशमन केंद्राची जागानिवड

जुने, मोडकळीला आलेले किंवा अपुरे पडू लागलेले अग्निशमन केंद्र बदलताना नवे केंद्र कुठे उभारायचे हे ठरवण्याची प्रक्रिया. अशा केंद्राला बोलीत अजूनही ‘बंबखाना’ म्हणतात. जिथे केंद्रच नव्हते तिथे नवे काढणे आणि जुन्याच्या बदली दुसरीकडे काढणे, ही कामे वरवर सारखी दिसली तरी त्यांचा हिशेब वेगळा असतो. नव्या केंद्राने कुणाचेच नुकसान होत नाही. बदली केंद्र मात्र काही वस्त्यांच्या जवळ येते आणि काहींपासून लांब जाते. केंद्र दीड किलोमीटर सरकवले की मिनिटे एका पेठेकडून काढून दुसरीला दिली जातात. जागानिवडीच्या अहवालात नव्या जागेचे गुण भरभरून लिहिलेले असतात. कोणाची मिनिटे वाढली, हा रकाना बहुधा कोराच राहतो.

जुनी केंद्रे आहेत तिथे का आहेत : एकोणिसाव्या शतकात बंब घोडे ओढत. जड पंप ओढत घोडा जेवढे अंतर भरधाव जाऊ शकेल, तेवढ्यावरून केंद्रांमधली अंतरे ठरत. मुंबईचे अग्निशमन दल १८८७ पासून पूर्णवेळ स्वरूपात काम करू लागले. तेव्हा जोखीम होती ती गोदीतल्या मालात, कापसाच्या गठ्ठ्यांत, गिरण्यांत आणि लाकडी चाळींत. भायखळ्याचे मुख्यालय आणि मांडवी, इंदिरा गोदी यांसारखी केंद्रे त्या शहराच्या नकाशावर बरोबर बसतात. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आज परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आहेत आणि शहर उत्तरेला दहिसर-मुलुंडपर्यंत पोचले आहे. केंद्र चुकीच्या जागी बांधले गेले नव्हते, त्याच्याभोवतीचे शहर बदलले.

उलट बाजूही आहे. जुन्या पेठांतली केंद्रे गैरसोयीची वाटतात म्हणून ती आता निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. पुण्याचे मुख्य केंद्र भवानी पेठेत आहे आणि त्याच भागात लाकडाचा टिंबर मार्केट आहे. तिथून केंद्र मोकळ्या रिंग रोडवर नेले तर बंब झोकात बाहेर पडेल, पण पेठेत पोचायला त्याला तीच गर्दी लांबून कापावी लागेल.

इमारत का बदलावी लागते : बहुतेक वेळा विषय भिंतींपासून सुरू होतो. मुंबई महापालिका कायद्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे आणि अनेक केंद्रे त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाची आहेत. शिवाय गाड्या वाढल्या. पूर्वीच्या छोट्या बंबासाठी केलेल्या कमानीखालून आजची हायड्रॉलिक शिडी आत जात नाही. मुंबई दलाकडे ९० मीटर पोचणारी शिडी आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत उंच इमारतीभोवतीची मोकळी जागा ४५ टनांपर्यंतच्या बंबाचा भार पेलणारी असावी, असे म्हटले आहे. तेवढीच गाडी केंद्राच्या स्वतःच्या फरशीवर रात्रंदिवस उभी असते, ही गोष्ट जुन्या आराखड्यात कुणी धरलेली नव्हती. महिलांची भरती सुरू झाल्यावर स्वतंत्र विश्रांतीखोल्यांची गरज आली, तीही जुन्या बराकीत सहजी बसत नाही.

भूकंपाचा मुद्दा वेगळा आहे. ज्या दिवशी केंद्राची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी त्याचे छत बंबावर कोसळू नये. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत अग्निशमन केंद्रांना १.५ हा महत्त्वगुणांक दिला आहे, म्हणजे सामान्य घराच्या दीडपट भूकंपबल धरून त्यांची रचना करायची. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये अत्यावश्यक सेवांच्या इमारतींसाठी स्वतंत्र भूकंपसुरक्षा कायदाच केला.

मिनिटांचा हिशेब : जागानिवडीचे मूळ माप अंतर नव्हे, वेळ आहे. ‘वर्दी’ मिळणे, म्हणजे आगीची खबर नियंत्रण कक्षात नोंदली जाणे, हा पहिला टप्पा. जवानांनी पोशाख चढवून गाडी दाराबाहेर काढणे हा दुसरा. रस्ता कापणे हा तिसरा. जागा बदलून फक्त तिसरा टप्पा थेट बदलतो, पण इमारतीची रचना दुसऱ्यावर परिणाम करते. तिसऱ्या मजल्यावरच्या बराकीतून खाली यायला वेळ लागतो. १८७८ मध्ये शिकागोतल्या एका केंद्रात घसरत उतरण्याचा खांब आला तो याच कारणाने. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकात आगीच्या वर्दीवर निघण्यासाठी ८० सेकंद आणि पहिल्या बंबाच्या प्रवासासाठी २४० सेकंद धरले आहेत. तेथील विमा-मूल्यांकनात वस्तीपासून बंब दीड मैलाच्या म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरच्या आत, तर शिडीगाडी अडीच मैलांच्या आत असावी अशी अपेक्षा असते. लंडनचे लक्ष्य पहिल्या बंबाला सरासरी सहा आणि दुसऱ्याला आठ मिनिटे असे आहे.

भारतात केंद्रीय गृहमंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे निकष वापरतात. अतिधोक्याच्या विभागात तीन मिनिटे, इतर शहरी विभागांत पाच मिनिटे, ग्रामीण भागात जास्तीत जास्त २० मिनिटे. शहरात दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र. नगररचनेच्या मार्गदर्शक सूत्रांत दोन लाख लोकवस्तीमागे एक ते तीन किलोमीटरच्या परिसरात एक केंद्र किंवा उपकेंद्र, आणि त्यासाठी निवासासह केंद्राला एक हेक्टर व उपकेंद्राला ०.६ हेक्टर जागा सुचवली आहे.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. १० चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या सुमारे १.८ किलोमीटर येते. रस्ते सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष अंतर १.३ पट धरले तर कडेच्या घरापर्यंत २.३ किलोमीटर होतात. ते तीन मिनिटांत कापायला ताशी ४६ किलोमीटरचा वेग हवा, पाच मिनिटांत कापायला २८. मराठी शहरांत संध्याकाळी सातला यांतला दुसरा वेगही मिळाला तर नशीब. म्हणजे क्षेत्रफळाचा निकष पाळला तरी वेळेचा पाळला जाईलच असे नाही. जागा शोधणाऱ्याने वेळेचाच धरावा, क्षेत्रफळ अंदाजपत्रकापुरते ठेवावे.

गणिती पद्धती : १९६० च्या दशकापासून हा प्रश्न गणिताकडे गेला. संशोधक हकीमी यांनी १९६४ मध्ये रस्त्यांसारख्या जाळ्यावरील मध्यबिंदूंचा विचार मांडला. टोरेगास, स्वेन, रेव्हेल व बर्गमन यांनी १९७१ मध्ये ‘ठरावीक वेळेत प्रत्येक वस्ती झाकायला, म्हणजे तिथे पोचायला, कमीत कमी किती केंद्रे लागतील’ असा प्रश्न विचारला. केंद्रांना पैसा मोजकाच असतो हे लक्षात घेऊन चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ मध्ये तो उलटा केला : ‘इतकीच केंद्रे असतील तर जास्तीत जास्त किती लोक झाकता येतील?’ बदली केंद्राच्या कामाला हा दुसरा प्रश्न जवळचा आहे, कारण केंद्रांची संख्या तीच राहते. न्यूयॉर्कच्या अभ्यासातून कोलेसार आणि ब्लम यांनी १९७३ मध्ये वर्गमुळाचा नियम दिला : सरासरी अंतर केंद्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. साध्या भाषेत, अंतर निम्मे करायचे तर केंद्रे चौपट करावी लागतात. एखादे केंद्र थोडे सरकवून शहराची सरासरी फारशी हलत नाही. हलतात ती ठरावीक गल्ल्यांतली मिनिटे.

म्हणूनच सरासरीवर विसंबू नये. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये अशा गणिती प्रतिमानांच्या (मॉडेलांच्या) आधारे काही बंबपथके बंद केली वा हलवली गेली आणि दक्षिण ब्रॉंक्ससारख्या गरीब, आगींनी होरपळलेल्या भागांना त्याची झळ बसली, अशी कडक टीका झाली. कागदावर पथके एकमेकांना झाकत होती. प्रत्यक्षात ती एकाच वेळी वेगवेगळ्या आगींवर गेलेली असत.

प्रतिमानाला खाऊ घालायचा ऐवज म्हणजे वर्दी-नोंदवही. मागील पाच-दहा वर्षांच्या वर्द्या नकाशावर टाकल्या की चित्र दिसते, पण नोंदवही नीट वाचावी लागते. झाडपडी, घरपडी, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे, जानेवारीत मांज्याला लटकलेली घार, हे सारे त्यात असते. फक्त आगी मोजल्या तर केंद्राचे निम्मे काम दिसतच नाही. आणि सगळ्या वर्द्या सारख्या धरल्या तर घारींच्या वस्तीत केंद्र निघेल.

भूखंड कसा हवा : सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दारासमोरचे अंगण. दारापासून रस्त्यापर्यंत निदान एका गाडीच्या लांबीची जागा असली तर बंब रस्ता न अडवता बाहेर येऊन थांबू शकतो. दोन रस्त्यांना लागलेला भूखंड असला की एका बाजूने निघता आणि दुसरीकडून परतता येते, गाडी उलटी घ्यावी लागत नाही. केंद्र अगदी चौकाला खेटून असले तर लाल दिव्यापाशी थांबलेल्या गाड्यांची रांग नेमकी दारात येते. रस्तादुभाजक असेल तर समोर त्याला तोड हवी. एकेरी रस्ता, मेट्रोचे खांब, शाळा सुटण्याची वेळ, आठवडी बाजार हे सारे नकाशात नसते, प्रत्यक्ष उभे राहून पाहावे लागते. विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर दार उघडणारे केंद्र अनंत चतुर्दशीला जवळजवळ बंदच असते, आणि मग गाड्या आधीच इतरत्र नेऊन ठेवाव्या लागतात.

समुद्र, खाडी किंवा शहराची हद्द जवळ असली तर केंद्राच्या वर्तुळाचा मोठा भाग पाण्यात जातो. कुलाब्यासारख्या चिंचोळ्या टोकाला हे टाळता येत नाही, पण निवडीला वाव असेल तिथे टाळावे. पूररेषेच्या आत तर केंद्र नसावेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी बंबखान्याच्या अंगणात पाणी भरले तर मदत करणाऱ्यालाच मदत लागते.

पुलांवरही लक्ष हवे. नकाशातली पोच कधी कधी एकाच पुलावर टांगलेली असते. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि रुळांच्या दोन बाजू एकमेकींपासून वळशाच्या अंतरावर गेल्या. १९८६ मध्ये पणजीचा मांडवी नदीवरील पूल कोसळला तेव्हा पलीकडे जायला फेरीबोटी उरल्या. रुळ, नदी, महामार्ग यांनी तुटलेल्या भागाला स्वतःचे लहान केंद्र देणे हाच खरा उपाय. मोठ्या भूखंडाची वाट पाहण्यापेक्षा एक बंब आणि मोजकी माणसे ठेवणारी मिनी केंद्रे मुंबईत उभी राहिली, त्यामागे हीच अडचण आहे.

पाण्याचा विचार आपल्याकडे जास्त करावा लागतो. रस्त्यांवरचे जुने हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारे नळ, पुष्कळ ठिकाणी बंद पडलेले असतात, त्यामुळे बंब आणि टँकर केंद्रातच भरून घ्यावे लागतात. भूमिगत टाकी, बोअरवेल आणि पालिकेची मोठी जलवाहिनी जवळ नसेल तर बाकी सगळे जुळूनही भूखंड अपुरा ठरतो.

निवास : पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारा, पण भारतीय केंद्रात निर्णायक ठरणारा भाग. इथे केंद्र म्हणजे फायरमन, तांडेल (फायरमनांचा म्होरक्या), यंत्रचालक आणि अधिकारी यांच्या कुटुंबांची वसाहतही असते. मोठ्या वर्दीला सुट्टीवरची माणसेही वसाहतीतून हाकेसरशी मिळतात. म्हणून जुने केंद्र हलवायचा प्रस्ताव आला की खरा विरोध अनेकदा आतून येतो : मुलांच्या शाळा, निवृत्तीनंतरचे घर, पुनर्विकासात खोली मिळणार की नाही. खर्च वाचवायला निवास वगळून फक्त गाड्यांची शेड बांधली, तर माणसे लोकलने तास-दीड तास दूर राहायला जातात आणि दुसऱ्या फळीचे मनुष्यबळ संपते. हा तोटा कोणत्याही प्रवासवेळेच्या नकाशात दिसत नाही.

जमीन आणि कायदा : महाराष्ट्रात अग्निशमन सेवा मुख्यतः महापालिका-नगरपालिकांकडे आहे. औद्योगिक विकास महामंडळाची केंद्रे वेगळी. गोव्यात राज्य सरकारचे संचालनालय आहे, त्याचे मुख्यालय पणजीत सांतिनेझला, त्यामुळे तिथे जागेचा निर्णय राज्य पातळीवर होतो. महाराष्ट्रात केंद्रासाठीची जागा विकास आराखड्यात आरक्षित करतात. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत ती घेतली गेली नाही तर आरक्षण रद्द होते. बंबखान्याची कित्येक आरक्षणे याच वाटेने जाण्याचा धोका असतो. मोबदला रोख, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादनाने देता येतो. मग जे होते ते ओळखीचे आहे : सर्वांत योग्य भूखंड खासगी, महाग आणि वादात, तर पालिकेच्या ताब्यातला मोकळा भूखंड डेपोशेजारी, नाल्याकाठी. सर्वसाधारण सभेत दुसरा मंजूर होतो, कारण तो आहे. शेजाऱ्यांचा सायरनला विरोध असतोच. बंबखाना सगळ्यांना हवा असतो, फक्त खिडकीखाली नको असतो.

त्याच जागी पुनर्बांधणी : जुनी जागा चुकीची नसेल तर हा पर्याय अनेकदा सरस ठरतो. अडचण मधल्या दोन-तीन वर्षांची. त्या काळात बंब कुठे उभे राहणार, हे आधी ठरवून मगच पाडकाम सुरू करावे. कुठे अर्धे दालन ठेवून अर्धे पाडतात, कुठे प्रभाग कार्यालयाच्या आवारात पत्र्याची शेड टाकतात. तात्पुरत्या जागेलाही प्रवासवेळेची तीच परीक्षा लावायला हवी, कारण ठेकेदार अडकला की तात्पुरते पाच-सात वर्षे चालते. जुनी इमारत वारसा यादीत असेल तर परवानगीशिवाय ती पाडता येत नाही आणि कमान रुंद करता येत नाही. सिंगापूरमध्ये हिल स्ट्रीटवरचे १९०९ चे मध्यवर्ती केंद्र तसेच ठेवून त्याच्या एका भागात वारसा दालन केले आहे, आणि दुसऱ्या भागातून बंब आजही वर्दीवर निघतात.