टुराकोच्या पंखातलं तांबं

सोलापूरजवळ नान्नजच्या रस्त्याला विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख उडाला की त्याच्या पंखांची निळाई डोळ्यांत भरते. पण तेच पीस खलात कुटून पाहिलं, तर निळा गायब आणि हाती मातकट पूड! कारण पिसात निळा रंग मुळात नसतोच. आतल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. पोपटाचा हिरवाही तसाच, फक्त त्यात पिवळ्या रंगद्रव्याची भर.

आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेकडच्या जंगलांत राहणारा टुराको मात्र खरोखर रंगवलेला असतो. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवतात तसा. बहुतेक जातींचं अंग हिरवं, डोक्यावर तुरा, शेपूट लांब. उडण्यापेक्षा फांद्यांवरून पळण्यात हा पटाईत. पायाचं एक बोट हवं तसं पुढे-मागे वळतं. पंख मिटलेले असताना लाल रंग जेमतेम दिसतो, झेप घेतली की किरमिजी पिसं एकदम झळकतात.

१८६९ मध्ये आर्थर चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं या पिसांतलं रंगद्रव्य वेगळं करून त्याला टुरासिन नाव दिलं. त्यात चक्क तांबं निघालं, तेही सुमारे ६ टक्के! गंमत म्हणजे रंग कच्चा. धुण्याचा सोडा किंवा अमोनिया घातलेल्या पाण्यात तो उतरतो. चादर असती तर गिऱ्हाईकानं दुकानात परत आणून आपटली असती. अंगावरच्या हिरव्यातही तांबंच असतं, आणि पक्ष्यांत खरं हिरवं रंगद्रव्य फार दुर्मीळ.

हे तांबं येतं खाण्यातून, म्हणजे मुख्यतः फळांतून. जुनी पिसं झडून नवी आली की पुन्हा तेवढं जमवायचं.

प्राणिसंग्रहालयात मात्र डोकेदुखी होते ती दुसऱ्याच धातूची, लोहाची. जंगली फळांत लोह कमी, त्यामुळे मिळेल तेवढं शोषून घ्यायची या पक्ष्यांच्या शरीराला सवय. पिंजऱ्यात लोहयुक्त खाद्य मिळालं की ते यकृतात साठत जातं आणि पक्षी दगावतो. टूकान आणि डोंगरी मैनेलाही हाच आजार होतो. म्हणून जाणकार संग्रहालयं कमी लोहाचं खाद्य निवडतात. पपई, सफरचंद चालतं. संत्री-मोसंबी टाळतात, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह आणखी शोषलं जातं.