विंडोज अपग्रेडनंतर माउस अडला: बिघाड नेमका कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट्स थांबली. त्याच दिवशी विंडोज ११ साठी आलेल्या एका अपडेटनंतर मात्र विचित्र प्रकार दिसू लागला. रोजच्या वापरात यूएसबी माउस आणि कीबोर्ड व्यवस्थित चालत, पण संगणक दुरुस्तीच्या म्हणजे रिकव्हरीच्या स्क्रीनवर गेला की दोन्ही बंद. माउस तोच, केबल तीच, पोर्टही तेच. जुन्या गोल पीएस/२ पिनेचा माउस असेल तर तो तिथेही चालत होता. रिकव्हरी ही विंडोजच्या बाजूला राहणारी स्वतंत्र, छोटी यंत्रणा आहे आणि यूएसबीची साखळी फक्त तिच्यात तुटली होती. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे तातडीचे अपडेट काढून ती जोडली.

विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केल्यानंतर माउस बिघडला म्हणून नवा आणायला निघण्याआधी ही घटना ध्यानात घ्यावी. माउस स्वतः फारसे काही ठरवत नाही. किती सरकलो, कोणते बटण दाबले, चाक किती फिरले, एवढीच माहिती तो पाठवतो. साधा यूएसबी माउस बहुधा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. पुढे पोर्ट, ते सांभाळणारा यूएसबी कंट्रोलर, ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) आणि शेवटी सेटिंग्ज असा प्रवास होतो. अपग्रेडमध्ये बदलतात ते शेवटचे टप्पे.

म्हणून पहिली चाचणी विंडोजच्या बाहेर करावी. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीनुसार की बदलते) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. अलीकडच्या बहुतेक बायोसमध्ये माउस चालतो. तिथे पॉइंटर हलला तर माउस, केबल आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत. माउसखालचा दिवा पाहून निदान करू नये. दिवा लागला म्हणजे फक्त वीज पोहोचली. काही माउसचा प्रकाश तर इन्फ्रारेड असल्याने दिसतच नाही.

बिघाड विंडोजमध्येच आहे असे ठरले की काम कीबोर्डवर करावे लागते. डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून एंटर दिले की माउस कीज सुरू होतात: नंबर पॅडवरच्या ८, २, ४, ६ ने पॉइंटर हलतो आणि ५ ने क्लिक होते. नंबर पॅड नसेल तरी अडत नाही. विंडोज की आणि एक्स दाबा, मग एम. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी उघडेल. टॅब दाबून यादीत शिरा, बाणाने 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' या विभागावर या, उजव्या बाणाने तो उघडा, माउस निवडून डिलीट दाबा आणि संगणक रीस्टार्ट करा. विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर पुन्हा बसवते.

इथे रीस्टार्टच करायचे, शट डाउन नाही. फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. त्यामुळे 'बंद करून चालू केला तरी तेच' अशी तक्रार होते. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

यानेही भागले नाही आणि माउसपुढे पिवळे चिन्ह दिसत असेल, तर पहिला संशय माउस कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर घ्यावा. जादा बटणांसाठी असे सॉफ्टवेअर माउस आणि विंडोज यांच्यामध्ये स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर बसवते. अपग्रेडनंतर त्याची नोंद राहते, पण फाइल उघडत नाही, आणि मग पूर्ण साखळीच अडते. ते सॉफ्टवेअर काढून टाका. गरज असेल तर विंडोज ११ साठीची आवृत्ती घ्या. विंडोज सिक्युरिटी या ॲपमधल्या कोअर आयसोलेशनच्या पानावर, मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय अडवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरची यादीही मिळते. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीला, हात लावायची वेळ क्वचितच येते.

माउस चालतो पण थोडा वेळ हात काढला की झोपी जातो, हे वीजबचतीचे लक्षण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या (यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात त्याच्या) पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जाऊन संगणकाला ते उपकरण बंद करू देणारी खूण काढा. लॅपटॉपची बॅटरी किंचित जास्त खर्च होईल.

वायरलेस माउस अडखळू लागला तर दोष अनेकदा अपग्रेडचा नसतोच. अपग्रेडआधी बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लावली जाते आणि ती शेजारच्या पोर्टमध्ये तशीच राहते. यूएसबी ३.० ची उपकरणे आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले होते. बहुतेक वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतात. डिस्क काढून पाहा, किंवा माउसचा रिसीव्हर (पोर्टमध्ये लावायचा छोटा तुकडा) मीटरभर एक्स्टेंशन केबलवर, हाताजवळ आणा. ब्लूटूथ माउस असेल तर जोडणी काढून पुन्हा जोडा.

पॉइंटर पळतो किंवा रेंगाळतो, तेव्हा ड्रायव्हरला छेडू नका. सेटिंग्जमध्ये माउसचा वेग १० वर ठेवा. १ ते २० मधला तो मूळ वेग. 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू असेल तर हात जितक्या झपाट्याने हलतो तितके पॉइंटरचे अंतर वाढत जाते. चित्रकाम किंवा गेम यांसाठी तो पर्याय बंदच बरा.

सगळे करूनही जमले नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने 'गो बॅक' वापरून जुन्या विंडोजवर परतता येते, पण अपग्रेडपासून फक्त १० दिवस. तोवर जागा मोकळी करण्यासाठी डिस्क क्लीनअपमधून आधीच्या विंडोजच्या फाइल्स पुसू नका, नाहीतर तो पर्याय लगेच नाहीसा होतो.