स्टेरॉइडची गोळी मनाने का थांबवू नये

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं की दम्याची धाप ओसरते, सुजलेले सांधे मोकळे होतात, भूकही सपाटून लागते. बरं वाटलं की गोळी बंद, हा आपला नेहमीचा खाक्या. बऱ्याच औषधांत तो खपून जातो, इथे अंगाशी येऊ शकतो.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. शरीराची रोजची गरज प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ४-५ मिलिग्रॅम. दम्याच्या जोरदार झटक्यात डॉक्टर दिवसाला ४० मिलिग्रॅमही देतात. रक्तात इतका साठा दिसल्यावर मेंदू ॲड्रिनलला हुकूम पाठवणंच थांबवतो. पाच-सात दिवसांच्या कोर्सने सहसा फारसं बिघडत नाही. पण औषध तीन-चार आठवड्यांच्या पुढे गेलं की ग्रंथी सुस्तावतात, आक्रसतातही. पुन्हा कामाला लागायला त्यांना कधी कधी महिने लागतात. मधेच गोळी बंद केली तर अंगात त्राण उरत नाही, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. त्यात ताप, अपघात किंवा ऑपरेशन आलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात, आणि ऑपरेशनआधी ‘स्टेरॉइड चालू आहे’ हे न विचारताही सांगायचं.

१९४८मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. १९५०मध्ये नोबेलही मिळालं. चेहरा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू हे सगळं मागाहून उमगत गेलं.

औषध तेच, पण गरज कोणाला हे महत्त्वाचं. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काहीच फायदा झाला नाही.

स्टेरॉइडच्या इनहेलरला मात्र लोक उगाच घाबरतात. त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट श्वासनलिकेत जातो. ओढून झाल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याचा धोका कमी होतो. खरी भीती वाटायला हवी ती गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळल्या जाणाऱ्या स्टेरॉइड क्रीमची. कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन जळजळतो. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. तिथे थांबून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.