रात्रभराची रिले: धावणं सोपं, थांबणं अवघड

३२० किलोमीटर हा आकडा ऐकून कुणीही दचकेल. पण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात होणाऱ्या 'हूड टू कोस्ट' या रिले शर्यतीत हे अंतर बारा जणांत वाटलेलं असतं. मार्गाचे एकूण ३६ टप्पे, प्रत्येकाच्या वाट्याला तीन, आणि एक टप्पा साधारण ६ ते १२ किलोमीटरचा. म्हणजे एका माणसाचं सगळं धावणं मिळून हाफ मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्त आणि पूर्ण मॅरेथॉनपेक्षा बरंच कमी. रविवारी सकाळी वीस किलोमीटर मारून घरी येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या रनरला यात काही विशेष वाटणार नाही.

तरीही मुरलेले मॅरेथॉनपटू या शर्यतीत गळून जातात. अंतर तेच किंवा कमी, मग शरीर इतकं का कुरकुरतं? कारण ते अंतर सलग नसतं. जोरात धावायचं, मग नऊ-साडेनऊ तास थांबायचं, पुन्हा धावायचं, पुन्हा थांबायचं, आणि यातला एक टप्पा बहुतेकांना ऐन रात्री येतो. माझ्या मते या शर्यतीचं खरं विज्ञान धावण्यात नाही, ते मधल्या थांबण्यात आहे.

बॉब फूट यांनी १९८२ साली ही शर्यत सुरू केली तेव्हा फक्त आठ संघ होते. आता दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस हजाराहून जास्त संघ उतरतात. सुरुवात माउंट हूड या ज्वालामुखी पर्वतावरच्या टिंबरलाइन लॉजपासून, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० फुटांवर. शेवट पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या सीसाइड गावी, थेट वाळूत. सगळे संघ एकदम सोडत नाहीत. संथ संघ शुक्रवारी पहाटे निघतात, वेगवान संघ दुपारी, म्हणजे शनिवारी सगळे साधारण एकाच सुमाराला समुद्रावर पोचतात. प्रत्येक संघाच्या दोन व्हॅन असतात. पहिल्या व्हॅनमधले सहा जण आपापला टप्पा धावले की दुसऱ्या व्हॅनचे सहा जण सुरू होतात. किलोमीटरला साडेपाच-सहा मिनिटं या वेगाने संघाला २९ ते ३२ तास लागतात.

या वेळापत्रकात एका रनरला दोन टप्प्यांमध्ये नऊ-साडेनऊ तास मिळतात. कागदावर हा वेळ भरपूर दिसतो. पण त्यातला निम्मा जवळपास आपल्याच व्हॅनमधल्या इतरांना सोडण्यात, आणण्यात आणि पाणी देण्यात जातो. दुसरी व्हॅन धावत असताना जे पाच तास हातात येतात, त्यात दोन्ही व्हॅन जिथे भेटतात त्या पुढच्या ठिकाणापर्यंत गाडी हाकायची, फिरत्या स्वच्छतागृहांच्या रांगेत उभं राहायचं, काहीतरी पोटात ढकलायचं. झोपेला दोन तास उरले तरी नशीब म्हणायचं.

पहिला घाव बसतो तो स्नायूंवर, आणि तोही उतारावर. लॉजपासून निघणारा पहिला टप्पा सरळ डोंगर उतरतो. चढ कठीण आणि उतार सोपा हा समज किती फसवा आहे हे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्यांना वेगळं सांगायला नको. चढताना दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या घाट उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावायचा प्रयत्न करतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. अशा कामात स्नायूतंतूंच्या आत सूक्ष्म फाटाफूट होते, त्याभोवती सूज येते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. याचा दोष अजूनही बरेच जण लॅक्टिक ॲसिडला देतात. वास्तविक धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट (या ॲसिडचंच रूप) तासाभरात पूर्वपदावर येतं, शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. ताकद मात्र दुखणं सुरू व्हायच्या आधीच, फाटाफूट झाली त्या क्षणापासून कमी झालेली असते. म्हणून पहिला रनर दुसऱ्या टप्प्याला उभा राहतो तेव्हा त्याला फारसं दुखत नसतं, पण पाय म्हणावे तसे उचलत नाहीत. यावर एक खात्रीचा उपाय आहे: शर्यतीआधी काही आठवडे उतारावर सराव करणं. एकदा अशी झीज सोसलेला स्नायू पुढच्या वेळी त्याच कामाला बराच कमी दुखावतो.

त्यात व्हॅनची सीट. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. टप्पा संपवून लगेच गाडीत गुडघे दुमडून बसलात की हे पंपिंग थांबतं, रक्त पायांत साचतं, क्वचित चक्करही येते. शिवाय स्नायूंचं तापमान उतरतं. स्नायू एक अंश सेल्सिअसने थंड झाला की त्याची झटक्याने काम करण्याची क्षमता साधारण २ ते ५ टक्क्यांनी घटते. म्हणूनच अनुभवी संघात टप्पा संपवून आलेल्याला दहा मिनिटं चालायला लावतात, घामाचे कपडे तिथल्या तिथे बदलायला लावतात आणि मगच दार उघडतात. ही शिस्त मला महागड्या बुटांपेक्षा मोलाची वाटते.

खाण्याचं गणित त्या मानाने सोपं आहे, फक्त ते पाळणं अवघड. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोचा माणूस १० किलोमीटर धावला की ६०० किलोकॅलरी गेल्या, आणि वेग चांगला असेल तर त्यातला मोठा भाग ग्लायकोजेनमधून, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेतून, येतो. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. एका टप्प्यात त्याचा जवळपास पाव हिस्सा जातो. काही न खाता तिन्ही टप्पे काढायचे म्हटलं तर तिसऱ्याला टाकी तळाला लागलेली असणार. धावून झाल्यावर पहिले काही तास स्नायू साखर शोषायला विशेष तयार असतात, कारण साखर आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं व्यायामामुळे पेशींच्या पृष्ठभागावर आलेली असतात आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. तासाला पाचेक टक्के या गतीने साठा भरत जातो. म्हणजे नऊ तास पुरेसे आहेत, पण खाल्लं तर! आणि नेमकं त्याच वेळी अन्न नकोसं वाटतं, कारण धावताना आतड्यांचा रक्तपुरवठा कमालीचा घटलेला असतो. रात्री जठर रिकामं व्हायलाही जास्त वेळ लागतो. तेलकट, तिखट काही नको. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, खजूर, जॅम लावलेला ब्रेड असं थोडं थोडं दर तासाला खात राहायचं.

आता रात्रीचा टप्पा. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. पेशींच्या आत हे घड्याळ चालतं कसं याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ किती हट्टी असतं हे त्याच्या फार आधी झोपेचे अभ्यासक नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिलं होतं. १९३८ साली ते आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि तिथल्या कायमच्या अंधारात २८ तासांचा दिवस पाळू लागले. तरुण रिचर्डसन यांचं शरीर जुळवून घेऊ शकलं. क्लाइटमन यांच्या शरीराचं तापमान मात्र महिनाभर जुन्या २४ तासांच्याच लयीत वरखाली होत राहिलं.

महिनाभरात जे बधलं नाही, ते एका रात्रीत कसं बधणार? पहाटे चारच्या आसपास शरीराचं आतलं तापमान दिवसातल्या नीचांकावर असतं, संध्याकाळच्या तुलनेत अर्धा ते एक अंश कमी. रक्तात मेलाटोनिन हे रात्रीची, झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक भरपूर असतं, प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात. गंमत अशी की एका रात्रीच्या जागरणाने स्नायूंची ताकद किंवा ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता फारशी घटत नाही. वाढतो तो कष्टाचा भास. तोच वेग, तेच हृदयाचे ठोके, पण मेंदू सांगत राहतो की हे जड आहे. रात्रीच्या टप्प्यात ज्यांना आपण संपलो असं वाटतं, त्यांना ही एक गोष्ट आधी कुणीतरी सांगायला हवी. गार हवा तर उलट मदतच करत असते, कारण दिवसा उष्णता बाहेर टाकण्यात जाणारं रक्त आता पायांच्या वाट्याला येतं.

झोप किती घ्यायची यालाही शास्त्र आहे. झोप लागल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास आपण गाढ झोपेत उतरतो आणि तिथून कुणी हलवून उठवलं तर डोकं जागेवर यायला अर्धा तास, कधी तासभरही लागतो. म्हणून एक तर वीस मिनिटांची डुलकी काढावी किंवा वेळ असेल तर दीड तासाचं पूर्ण चक्र होऊ द्यावं. कॉफी पिऊन लगेच वीस मिनिटं आडवं होण्याची युक्तीही उपयोगी आहे. जागेपणी मेंदूत साचत जाणारं आणि झोप आणणारं ॲडेनोसिन डुलकीत थोडं कमी होतं, आणि उठेपर्यंत कॅफिन त्याच्या जागा अडवायला हजर होतं. पण कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही रक्तात असतो, तेव्हा झोपेची मोठी संधी पुढे असेल तर कॉफी नको.

रात्री अडीच वाजता टप्प्याच्या टोकाला काय चालतं ते पाहण्यासारखं असतं. लांबून हेडलॅम्पचा ठिपका हेलकावत येतो. स्वयंसेवक संघाचा क्रमांक ओरडून सांगतो. नुकताच स्लीपिंग बॅगमधून निघालेला रनर डोळे चोळत पुढे सरतो. बॅटन म्हणून इथे काठी नसते, मनगटावर आपटला की आपोआप गुंडाळला जाणारा एक पट्टा असतो. घामाने ओला, गरम पट्टा गार मनगटावर फटकन बसतो आणि माणूस अंधारात पळत सुटतो. पट्टा बसला की झोप उडालीच असं नाही, पाय मात्र चालू झालेले असतात.

त्या अंधारात डोळ्यांचीही परीक्षा होते. मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि समोरून आलेल्या एका गाडीचा झोत ती सगळी तयारी क्षणात पुसून टाकतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो गाडीवाल्याला आपण दिसण्याचा. परावर्तक जॅकेट इथे सक्तीचं आहे. पण छातीवरची चमकती पट्टी लांबून एखाद्या फलकासारखीही वाटू शकते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की काळोखात माणसाच्या फक्त सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले, तरी तो चालू लागताच पाहणाऱ्याला क्षणात कळतं की हा माणूस आहे. घोटे, गुडघे आणि मनगटं यांवर परावर्तक पट्ट्या बांधल्या तर चालक खूप आधी सावध होतो, हे नंतरच्या रस्त्यावरच्या प्रयोगांतही दिसलं. आपल्याकडे पहाटे पाचला काळे कपडे घालून हायवेच्या कडेने धावणारे पाहिले की मला ही पट्टी प्रत्येकाच्या घोट्याला बांधावीशी वाटते. किंमत शंभर-दोनशे रुपये.

इतकं सगळं विरोधात असताना लोक तिसऱ्या टप्प्याला उभे राहतात कसे? इथे संघ कामाला येतो. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्सिमिलिअन रिंगेलमन यांनी रस्सी ओढणाऱ्या माणसांचं बळ मोजलं तेव्हा त्यांना आढळलं की माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. पण १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ ओटो कोलर यांनी नौकानयन क्लबच्या सदस्यांना वजन उचलायला लावलं, तेव्हा उलट दिसलं. जोडीत काम असताना आणि दुबळा थांबला की काम थांबणार असताना, दुबळा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकून राहिला. फरक कशाने पडतो? रस्सीखेचीत कुणी किती ओढलं हे कळत नाही. रिलेत प्रत्येकाची वेळ मिनिटा-सेकंदासह वहीत लिहिली जाते, आणि आपण थांबलो तर पुढचा माणूस थंडीत ताटकळत उभा राहणार हे माहीत असतं. संघातला सगळ्यात संथ रनर रात्रीच्या टप्प्यात स्वतःच्या अंदाजापेक्षा चांगली वेळ काढतो तेव्हा त्यामागे हेच असतं. म्हणून संघ निवडताना फक्त वेगवान माणसं गोळा करू नयेत, एकमेकांची काळजी असलेली माणसं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

सूर्य वर आला की शरीर पुन्हा साथ देऊ लागतं. सकाळचा उजेड मेलाटोनिन बंद करतो, तापमान चढतं, शरीराला जागं करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं असतं. पाय दुखत असले तरी शेवटचा टप्पा अनेकांना रात्रीच्या टप्प्यापेक्षा हलका वाटतो. हा हलकेपणा धोक्याचाही असतो, कारण त्यात झोपेचं कर्ज फिटलेलं नसतं, फक्त झाकलेलं असतं. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागलेल्या माणसांची हाता-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी झाली होती, आणि २४ तासांनंतर जवळपास ०.१ टक्का असल्यासारखी. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. सीसाइडहून ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात परतायला दीड-दोन तासांचं ड्रायव्हिंग आहे. म्हणून संघाने नोंदणी करतानाच दोन्ही व्हॅनसाठी न धावणारे चालक शोधावेत, किंवा शनिवारची रात्र किनाऱ्यावरच काढायची खोली आरक्षित करावी. खोल्या लवकर संपतात.