किशोरवयातली झोप (कोकण किनारपट्टी)

किशोरवयातली झोप म्हणजे साधारण १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना रोज लागणारी झोप आणि ती पुरेशी, ठरलेल्या वेळी मिळावी म्हणून घरात करायची सोय. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये या वयासाठी ८ ते १० तास सांगितलेत. दहावीच्या पोराला नऊ तास झोपू द्या म्हटलं तर कोकणातली आजी आधी हसेल, पण आकडा खराच आहे.

वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रात्र झाली हे शरीराला कळवणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा सुटतं, शिवाय दिवसभर जागून झोपेची जी ओढ साठते ती पण या वयात हळू साठते, त्यामुळे साडेनऊला दिवे घालवले तरी पोरगं टक्क जागं. सकाळी मग उठवत नाही. "उठ रे, सूर्य डोक्यार इलो" ही हाक मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी, आणि वर आळशीपणाचा शिक्का. आळस नाहीये तो, निदान सगळा तरी नाही.

कोकणात आणखी एक भानगड आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि रत्नागिरी ७३ अंशांच्या जरा पुढे, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या ३५-४० मिनिटं मागे चालतो. जानेवारीत तर सात वाजून गेल्यावर उगवतो. वाडीतून वस्तीची एसटी पहाटे सहाला सुटत असेल तर ती पकडायला पाचला उठलेली मुलगी अख्खा प्रवास अंधारातच करते, आणि गंमत म्हणजे पुढे सरकलेलं घड्याळ मागे ओढायला सगळ्यात उपयोगी पडतो तो सकाळचा उजेडच.

म्हणून रात्री ओरडण्यापेक्षा उठण्याची वेळ धरावी. रोज तीच, रविवारी फार तर तासभर उशीर, आणि उजाडलं की खळ्यात किंवा पडवीत पंधरा-वीस मिनिटं, मग तिथे चहा पिऊ दे नाहीतर झाडांना पाणी घालू दे. झोपायची वेळ हळूहळू आपोआप मागे येते, एका रात्रीत नाही. मोबाईल रात्री माजघरात चार्जिंगला, आईबाबांचा पण, नाहीतर पोरं ऐकत नाहीत. त्यात निळ्या उजेडाइतकाच त्रास रीलचा आणि ग्रुपवरच्या गप्पांचा. संध्याकाळनंतर कोरा चहा नको, दूध नसलं म्हणून त्यातलं कॅफीन कमी होत नाही, आणि पोटात गेलेलं अर्धं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. एप्रिल-मे च्या दमट उकाड्यात खिडक्या उघड्या, मच्छरदाणी आणि झोपायच्या तासभर आधी आंघोळ, एवढं केलं तरी फरक पडतो. सकाळच्या शाळेतून आलेली पोरं जेवून पाचपर्यंत ताणून देतात, तिथेच रात्रीच्या झोपेची वाट लागते. वीस-तीस मिनिटं ठीक, तीही चारच्या आत.

जत्रा, शिमगा, गणपती यांचं काय, तर काही नाही. दशावतार रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतो, तो नऊला झोपून कोण बघणार? एखाद्या जागराने बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं झोपावं आणि रात्री जरा लवकर आडवं व्हावं. खरी नासाडी होते परीक्षेच्या महिन्यात, रात्ररात्र जागून केलेल्या अभ्यासाने, कारण वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होतं.

शाळेच्या वेळेचा प्रश्न घरात सुटत नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका म्हटलं, कॅलिफोर्नियात २०१९ ला कायदा झाला. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२४ मध्ये नऊची वेळ सांगितली ती चौथीपर्यंतच्या वर्गांना, म्हणजे ज्यांचं घड्याळ अजून सरकलेलंच नाही त्यांना!

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, किंवा झोप उडून आठवडेच्या आठवडे उदास राहणं असेल तर डॉक्टरांना दाखवावं, मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. जाताना दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून त्याचा फोटो न्यावा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.