नारोशंकराची घंटा आणि मनगटावरची टिचकी

खणखणीत आवाजाच्या माणसाला नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. गोदाकाठच्या त्या देवळातली ही घंटा १७३९च्या वसईविजयाची आठवण मानली जाते. एवढ्या मोठ्या घंटेवर टोला पडला की तिचा नाद विरायला बराच वेळ लागतो. स्मार्टवॉच घडवणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच आहे, कारण सूचना आली की मनगटावर कंपनाचा टोला तर जाणवायला हवा, पण त्याचा नाद मागे रेंगाळता कामा नये.

जुन्या मोबाइलमध्ये कंपनासाठी छोटी मोटर असे आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेले वजन फिरे. तिला वेग धरायला आणि थांबायला वेळ लागतो. शिवाय कंपनाचा जोर वेगावरच अवलंबून असल्याने हलकी पण जलद थरथर तिला जमत नाही. म्हणून आता अनेक घड्याळांत वजन फिरत नाही, तर सरळ रेषेत पुढेमागे हलते. स्प्रिंगवर तोललेल्या या वजनात चुंबक असते आणि जवळच्या तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह दिशा बदलत राहिला की ते ओढले-ढकलले जाते. थोड्या जागेत जास्त वस्तुमान मावावे म्हणून लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट घनतेचे टंगस्टन वापरतात.

प्रवाहाची वारंवारता स्प्रिंगच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली की थोड्या विजेत मोठी हालचाल मिळते. हा फायदाच पुढे तोटा ठरतो, कारण प्रवाह बंद केला तरी वजन घंटेसारखे थरथरत राहते. मग चालक चिप, म्हणजे वेटोळ्याला प्रवाह पुरवणारी चिप, क्षणभर उलटा प्रवाह सोडून त्याला आवरते. हलते चुंबक त्याच वेटोळ्यात वीज निर्माण करते, त्या विजेवरून वजन अजून किती हलते आहे हे चिपला कळते. माझ्या मते या यंत्रातली खरी करामत हलवण्यात नसून अशा थांबवण्यात आहे.

अशा कंपकांची वारंवारता बहुधा १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास ठेवतात, कारण त्वचेखालचे कंपन टिपणारे पॅसिनी कण २५० हर्ट्झच्या जवळपास सर्वाधिक संवेदनशील असतात. मनगट मात्र बोटाच्या टोकाइतके तल्लख नाही. त्यातच पट्टा बांगडीसारखा सैल असेल, तर घड्याळ स्वतःच हलत राहते आणि टिचकी त्वचेपर्यंत नीट पोहोचत नाही. गंगापूर रोडवर सकाळी चालताना सूचना जाणवत नाही म्हणून सेटिंगमध्ये कंपनाचा जोर वाढवणाऱ्याने आधी पट्टा एक भोक घट्ट करून पाहावा. त्यात बॅटरीही खर्च होत नाही.