हिवतापाचे हंगामी प्रतिबंधक औषध आणि हिवतापाचा उपचार: अर्धी गोळी दोन्हींत बसत नाही

पावसाळा लागला की परभणी-हिंगोलीकडे “लेकराला मलेरियाची अर्धी गोळी देऊन ठेवा” हा सल्ला हमखास ऐकू येतो, आणि आफ्रिकेतही मुलांना असेच औषध देतात, अशी पुस्ती हल्ली त्याला जोडली जाते. ही पुस्ती चुकीची आहे आणि ती लेकरांच्या जिवाशी खेळणारी आहे.

उपचार आपल्या माहितीचा आहे: ताप आला, आशाताईंनी बोटाला टोचून रक्त घेतले, हिवताप निघाला, गोळ्या सुरू झाल्या. हंगामी प्रतिबंधक औषध मात्र ताप नसलेल्या मुलांसाठी असते. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात वर्षातले बहुतेक रुग्ण पावसाळ्याच्या चारेक महिन्यांत आढळतात, म्हणून तिथल्या ३ ते ५९ महिने वयाच्या मुलांना त्या काळात दरमहा हे औषध देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये केली. इथवर कोणाची गफलत होत नाही.

गफलत होते ती मात्रेत. प्रतिबंध म्हणजे थोडेसे औषध, ही समजूत काही केल्या जात नाही. साहेलमधल्या निरोगी मुलाला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडायाक्विन यांची वयानुसार पूर्ण, उपचाराइतकीच मात्रा मिळते: पहिल्या दिवशी दोन्ही, पुढचे दोन दिवस केवळ अमोडायाक्विन. रक्तात आधीच असलेले परजीवी तिने मरतात, आणि अंगात रेंगाळणारे औषध सुमारे चार आठवडे नव्या परजीवींना वाढू देत नाही. ते ओसरते म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा तीन दिवस. ताप असलेल्या मुलाला तिथेही आधी तपासतात, आणि हिवताप निघाला तर वेगळे औषध देतात.

आता आपली अर्धी गोळी पाहा. क्लोरोक्विनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ औषध १५० मिलिग्रॅम असते. म्हणजे कडूपणा झाकायला गुळात कालवून भरवलेल्या अर्ध्या गोळीत ७५. दहा किलोच्या लेकराला व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीमुळे झालेल्या हिवतापाला तीन दिवसांत मिळून २५० मिलिग्रॅम मूळ औषध लागते. अपुऱ्या मात्रेने ताप दबतो, काचपट्टीवर परजीवी सापडणे अवघड होते आणि निदान लांबते. शिवाय व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो. तिथे क्लोरोक्विनचाही उपयोग नाही आणि साहेलमधल्या औषधांचाही नाही. त्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन लागते, आणि ते तान्ह्या बाळाला देता येत नाही.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी प्रतिबंधक औषध नाही. मराठवाड्यातल्या लेकरासाठी मच्छरदाणी, आठवड्यातून एकदा रांजण-टाक्या रिकाम्या करून घासणे, आणि ताप येताच, कोणत्याही गोळीच्या आधी, रक्ताची तपासणी.